उस्ता बयूमीचं लाल दिव्यांशी वैर

आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि उस्ता बयूमी बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या. तो घरी आहे की नाही हे मला छतच सांगतं. त्याला हळू चालता येत नाही. स्वयंपाकघरात चहाचा पेला आणायला गेला तरी गाडी सुटत असल्यासारखा पळत जातो. टॅक्सीवाल्यांना अलेक्झांड्रियात सगळे उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात, पण बयूमीच्या बाबतीत लोक तो शब्द जरा जपून उच्चारतात. त्यातल्या बहुतेकांनी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून कधी ना कधी देवाचा धावा केलेला आहे.

मीही केला आहे. आमचं घर अनफूशीला आणि माझी शाळा पार सीदी बिश्रला. भूगोल शिकवायला जायचे, आणि जाताना अर्धा भूगोल खिडकीतून अस्पष्ट दिसायचा. नोकरीची सगळी वर्षं मी बयूमीच्या काळ्या-पिवळ्या लाडा टॅक्सीतून गेले. तो माझ्याहून बराच लहान, म्हणून तो मला अब्ला, म्हणजे बाई, म्हणतो, आणि मी त्याला अरेतुरे करते, मनात येईल ते बोलते. त्याचा त्याच्या गाडी चालवण्यावर कधी काडीचा परिणाम झाला नाही.

लाल दिव्याला तो कसा थांबायचा ते सांगते. आधी रांगेतून नागमोडी काढत सगळ्यांच्या पुढे यायचं. मग पांढरी रेघ ओलांडायची. मग पायी जाणाऱ्यांचे पट्टे ओलांडायचे. इतकं पुढे जाऊन उभं राहायचं की सिग्नलचा खांबच पाठीमागे राहील. आता दिवा दिसणार कसा? तर दिसायची गरज नाही. हिरवा झाला की मागचे हॉर्न वाजवतात. आमच्या शहरात ही पद्धतच आहे, पुढच्यानं घुसून उभं राहायचं आणि मागच्यानं त्याला कळवायचं. मी एकदा बयूमीला म्हटलं की अरे, निदान दिवा दिसेल असा तरी थांब. तो म्हणाला, "मग मागचे लोक कशाला आहेत, अब्ला?"

जगात एकाच माणसासाठी तो बिनतक्रार थांबायचा. ती म्हणजे राविया, त्याची मुलगी. बायको गेली तेव्हा राविया नुकती शाळेत जायला लागली होती. दुसरं लग्न कर म्हणून सगळ्या गल्लीनं त्याला भंडावलं, पण त्यानं कुणाला दाद दिली नाही. पोरीला एकट्यानं वाढवलं. शिकून ती स्पोर्टिंग भागातल्या एका औषधांच्या दुकानात कामाला लागली, आणि दुकान बंद व्हायच्या सुमारास बयूमीची टॅक्सी इंजिन बंद करून दारात उभी असायची. तेवढा वेळ त्याचा पायसुद्धा हलत नसे. मी स्वतः पाहिलं आहे म्हणून लिहिते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

तर हा असा माणूस, आणि आमच्या समुद्ररस्त्यावर नवे सिग्नल आले. नुसते नवे नव्हेत, एकमेकांशी संगनमत केलेले. एक दिवा हिरवा झाला की पुढचा ठरलेल्या अंतरानं हिरवा होतो, मग त्याच्या पुढचा. ताशी पंचेचाळीसच्या वेगानं निघालात तर तुम्ही पोचायला आणि दिवा उघडायला एकच गाठ पडते, आणि अनफूशीच्या किल्ल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मंदरापर्यंत कुठे थांबावं लागत नाही. जास्त जोरात गेलात तर पुढच्या दिव्याशी लवकर पोचता, एवढंच. तो तुमच्यासाठी घाई करत नाही. जागोजागी तशा पाट्याही लावल्या होत्या. बयूमीला वाटलं त्या पाट्या सायकलवाल्यांसाठी असाव्यात.

झालं असं की सगळा रस्ता सुरळीत वाहू लागला आणि एकटा बयूमी प्रत्येक दिव्याला अडकू लागला. शात्बीला लाल. स्पोर्टिंगला लाल. क्लिओपात्राला लाल. मासळीवाल्या हाजी सनदच्या डबड्या गाडीला तो रोज चार-पाच वेळा मागे टाकायचा आणि तितक्याच वेळा ती गाडी, बर्फाचं पाणी गाळत, त्याच्या शेजारून न थांबता निघून जायची. हाजी सनद हसून हात करायचा. बयूमी घरी येऊन आदळआपट करायचा आणि माझ्या छताचे पोपडे पडायचे.

त्याचं ठाम मत झालं की हे यंत्र त्याला ओळखतं. कुठेतरी एका खोलीत एक माणूस बसला आहे, त्याला पडद्यावर बयूमीची टॅक्सी दिसते आणि तो मुद्दाम बटण दाबतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे सांगत असे आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे. एकदा मागच्या सीटवर एक चष्मेवाला तरुण गप्प बसून हे सगळं ऐकत होता. उतरताना त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं की खोलीत माणूस असतो, पण तो बटण दाबत नाही. बयूमीनं त्याला विचारलं, तुला काय ठाऊक. तो म्हणाला, "तो मीच, उस्ता."

हा वजीह. सिग्नल बसवणाऱ्यांपैकी एक, स्वभावानं इतका संथ की तो बोलायला लागला की समोरच्याला मधले शब्द स्वतः भरावेसे वाटतात. पण बयूमीला त्या दिवशी जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. स्पोर्टिंगच्या सिग्नलची पेटी रावियाच्या दुकानासमोरच आहे. ती पेटी उघडून वजीह दोन आठवडे तिथे खपत होता आणि रोज काही ना काही घ्यायला दुकानात जात होता. इतकी औषधं एखादा आजारी माणूससुद्धा घेत नाही. शेवटी रावियानंच त्याला विचारलं होतं की तुम्हाला नक्की होतंय तरी काय.

थोड्याच दिवसांनी वजीह आईला घेऊन, बासबूसाचं, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचं, ताट हातात धरून, तिसऱ्या मजल्यावर रीतसर मागणी घालायला आला. शेजारीण म्हणून मीही होते. बयूमीनं दार उघडलं आणि त्याला पाहून दोन पावलं मागे सरकला. तरी बसवून घेतलं, पाहुणा तो पाहुणा. बयूमीचा गुडघा नेहमीप्रमाणे थडथडत होता. वजीहनं सावकाश सगळं सांगितलं. नोकरी पक्की आहे, आई सोबत राहणार नाही, आणि नव्या वर्षात बदली होते आहे, असेच सिग्नल बसवायला, देशाच्या पार दक्षिण टोकाला, अस्वानला.

अस्वान म्हणताच बयूमीचा गुडघा थांबला. कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं.

आमच्याकडे मुलीच्या घरानं गुलाबाचं शरबत पुढे केलं की समजायचं, होकार. बयूमीनं सगळ्यांना पाणी दिलं. वर म्हणाला की माणूस चांगला असेल, पण जो पंचेचाळीसच्या वर जात नाही तो माझ्या पोरीला आयुष्यात कुठे पोचवणार. वजीहची आई लाल झाली. राविया आत जाऊन भांडी आपटायला लागली, त्या बाबतीत ती बापावरच गेली आहे.

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि त्याला म्हटलं की तुझं दुखणं वेगाचं नाही, अस्वानचं आहे, आणि ते त्या मुलाच्या माथी मारू नकोस. बयूमी कबूल करणारा नव्हता. वेगाचंच आहे म्हणाला. इतकंच वाटत असेल तर त्यानं किल्ल्यापासून मंदराच्या कॉफीघरापर्यंत माझ्या आधी पोचून दाखवावं, त्याच क्षणी शरबत पाजतो. हे तो इतक्या मोठ्यानं बोलला की खाली वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या अनफूशीला माहीत झालं आणि बयूमीला माघार घ्यायची सोय उरली नाही.

वजीहकडे गाडी नव्हती. माझ्या नवऱ्यामागे राहिलेली जुनी निळी गाडी मी दिली. पंच म्हणून मी पुढे बसले, राविया मागे. शुक्रवारची सकाळ, रस्ता मोकळा, सगळं शहर अजून अंथरुणात. कठड्यावर गळ टाकून बसलेली माणसं तेवढी जागी. निघण्याआधी वजीहनं चष्मा पुसला आणि बयूमीला म्हणाला, "उस्ता, वाटेत आपली भेट होत राहील."

बयूमी बाण सुटल्यासारखा गेला. रम्ल स्टेशनपाशी पोचेपर्यंत त्याचा धूरसुद्धा विरला होता. राविया मागून म्हणाली की अब्ला, संपलं सगळं. काटा पंचेचाळीसवर ठेवून वजीह असा चालवत होता की मला डुलकी येईल की काय वाटलं.

शात्बीला बयूमी भेटला. पांढऱ्या रेघेच्या, पट्ट्यांच्या, सगळ्याच्या पुढे जाऊन उभा होता, सिग्नलकडे पाठ करून. आमच्यासमोर दिवा हिरवा झाला. त्याला दिसणं शक्य नव्हतं आणि हॉर्न वाजवून कळवायला त्याच्या मागे कुणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी कोण असणार? आम्ही तसेच त्याच्या शेजारून गेलो. मग त्याला उमगलं. मागून इंजिन खेकसलं, आमच्या अंगावरून धूळ उडवत तो पुढे गेला, आणि स्पोर्टिंगला परत भेटला.

क्लिओपात्राला भेटला तेव्हा खिडकीतून डोकं काढून वजीहच्या पूर्वजांविषयी काहीतरी ओरडला. स्टॅन्लीला नुसतंच बघितलं. ग्लीमला तर त्यानं आमच्याकडे पाहिलंच नाही, आपण इथे स्वतःच्या मर्जीनं समुद्र बघत उभे आहोत असा चेहरा करून बसला होता. सीदी बिश्रला लाडाच्या बॉनेटमधून वाफ येत होती. राविया हसून हसून सीटवर आडवी झाली होती. मला पंच म्हणून हसता येत नव्हतं, त्यामुळे पोटात दुखायला लागलं.

मग मंदराचा शेवटचा सिग्नल आला. त्याच्या पलीकडे लगेच कॉफीघर, आणि बाहेर खुर्च्या टाकून बसलेले बयूमीचे सगळे टॅक्सीवाले दोस्त. बयूमी नेहमीसारखा खूप पुढे उभा. आम्ही जवळ येत असतानाच दिवा हिरवा झाला. दोस्तांनी हातवारे केले, पण त्याची नजर आरशात होती. मी दबक्या आवाजात म्हटलं की आता कुणी तोंडातून आवाज काढायचा नाही. पंचानं असं बोलू नये हे मला कळतं. रावियानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

आणि वजीहनं हॉर्न वाजवला. दोनदा, अगदी हळू, जसा आपण शेजाऱ्याला वाजवतो.

बयूमी उडालाच. कर्कश्श आवाज करत निघाला आणि आमच्या नाकासमोरून कॉफीघर गाठलं. गाडीची लांबी भरेल तेवढ्यानं जिंकला. दोस्तांनी खुर्च्या बडवल्या. मला वजीहच्या डोक्यात पर्स घालावीशी वाटली. राविया रडायच्या बेतात होती. "एका हॉर्नवर घालवलंस मला?" एवढंच म्हणाली. तो चष्मा पुसत बसला.

बयूमी खाली उतरला, दोस्तांकडून पाठ थोपटून घेतली, आणि मग ती गर्दी बाजूला सारून आमच्या खिडकीशी आला. चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं.

"हॉर्न का दिलास?"

"दिवा हिरवा झाला होता, उस्ता. तुम्हाला दिसत नव्हता."

"दिला नसतास तर जिंकला असतास."

"हो," वजीह म्हणाला. "पण मागच्यानं सांगायचं असतं."

बयूमी बराच वेळ माझ्या गाडीच्या टपावर बोटं वाजवत उभा राहिला. मग वाजवायचा थांबला. माझ्याकडे वळून म्हणाला, "अब्ला, तुम्ही भूगोलाच्या. अस्वान किती लांब आहे?"

जन्मभर मी मुलांना मैल आणि किलोमीटर पाठ करायला लावले. त्या वेळी माझ्या तोंडून एकही आकडा निघाला नाही. मी म्हटलं, "नकाशावर एक वीत आहे रे."

त्यानं स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. मग रावियाला म्हणाला की घरी चल आणि शरबत कर, साखर जरा जास्तच टाक, तुझ्या नवऱ्याची झोप उडायला उपयोगी पडेल.

त्यानंतर बयूमीनं आम्हाला वेगळाच त्रास दिला. तो पंचेचाळीसनं चालवू लागला. नुसतं चालवून भागेना, प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवू लागला. घाई करणाऱ्यांची कीव करू लागला. कुणी जोरात पुढे गेलं की मान हलवून म्हणायचा की जा बाबा, पुढच्या लाल दिव्याला भेटू. दिवा दिसेल असा, रेघेच्या मागे थांबायचा. हाजी सनदशी त्याची दोस्ती झाली, दोघं शेजारी शेजारी गाड्या ठेवून मासळीच्या भावावर गप्पा मारत जायचे. माझ्या छताला शांतता मिळाली आणि खरं सांगायचं तर मला ती मानवली नाही.

लग्न हिवाळ्याच्या तोंडाला ठरलं. बयूमीची एकच अट होती. रीतीप्रमाणे नवऱ्या मुलानं पार्लरमधून नवरीला घेऊन यायचं, तसं नाही. रम्ल स्टेशनजवळच्या पार्लरपासून मंदराच्या हॉलपर्यंत तो स्वतः आपल्या टॅक्सीतून आणणार, नवऱ्यानं हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहावं. वजीह लगेच हो म्हणाला. लगेच म्हणजे त्याच्या मानानं.

टॅक्सीवर फुलं चढवली होती. मागची अख्खी सीट रावियाच्या पांढऱ्या झग्यानं भरून गेली, मी पुढे बसले. आमच्या मागे वऱ्हाडाच्या गाड्यांची ही भलीमोठी रांग, हॉर्नवर लग्नाचा ताल धरलेला. निघताना वजीहचा फोन आला. म्हणाला की उस्ता, पंचेचाळीसनं या, वाटेत एकही दिवा अडवणार नाही. बयूमी म्हणाला, कळलं इंजिनियरसाहेब, मलाच काय शिकवतोस.

आणि रम्ल स्टेशनचं वळण संपताच त्यानं पाय दाबला.

मी दाराची कडी घट्ट धरली. शात्बीला लाल. बयूमी रेघेच्या मागे व्यवस्थित थांबला, आरसा जरा वळवला आणि त्यातून रावियाकडे पाहिलं. म्हणाला, अस्वानला ऊन फार असतं, दुपारची बाहेर पडू नकोस. ती बरं म्हणाली. मग तो म्हणाला की तिकडची मासळी नदीची, तुला आवडायची नाही, इथून पाठवता येते का बघतो. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. तो पुन्हा सुसाट सुटला आणि स्पोर्टिंगला पुन्हा लाल. तिथे त्यानं विचारलं की जेवलीस का, पाणी हवंय का, बूट चावतायत का.

क्लिओपात्राला तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "बयूमी, तुला झालंय काय? अरे, एवढ्या जोरात गेलास तर सगळे लाल लागणार. तूच शिकवतोस ना लोकांना?"

"मला ठाऊक आहे, अब्ला," तो म्हणाला. हळू म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि लग्नासाठी काजळ घातलं होतं.

मागच्या गाडीतून त्याचा मेहुणा उतरून धापा टाकत खिडकीशी आला. नवरा मुलगा पायऱ्यांवर ताटकळलाय, तुझं काय चाललंय म्हणून ओरडू लागला. बयूमी म्हणाला की दिवे लागतायत, त्याला मी काय करू. मेहुणा कपाळाला हात लावून परत गेला. दिवा हिरवा झाला, आम्ही निघालो, आणि त्या सगळ्या गोंधळामुळे की काय, बयूमीचा पाय थोडा ढिला पडला. गाडी आपोआप त्या ठरलेल्या संथ चालीवर आली.

मागे झगा सळसळला. राविया पुढे वाकली आणि तिनं बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

"बाबा, जोरात घ्या ना. पुढचा दिवा उघडायच्या आत पोचलं पाहिजे."